सहा सिलिंडरचा शब्बाथ

"इंजिन बदलणं म्हणजे काय, पुस्तकाची बांधणी बदलण्यासारखंच असतं," असं मी छातीठोकपणे म्हणालो, तेव्हा आमच्या घरातल्या घड्याळाचा लंबकसुद्धा क्षणभर थबकला असावा. कारण छातीठोकपणे बोलणं हा माझा प्रांत नव्हे. मी उभी हयात पनवेलच्या एका वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काढली. तिथे मोठ्याने बोलायला मनाई होती आणि ती पाटी मीच लिहिलेली होती. हॉटेलात चहा मागवायचा तरी मी आधी मनात वाक्य जुळवतो, आणि एवढं करून वेटर समोर उभा राहिला की घाबरून कॉफी मागतो. मला कॉफी आवडत नाही.

पण त्या दिवशी कुठून कोण जाणे, अंगात वारं भरलं होतं.

"जुनं पुस्तक खिळखिळं झालं तर आपण टाकून देतो का?" मी रेटून बोललो. "शिवण उसवायची, नवी बांधणी करायची. मजकूर तोच राहतो."

"इथे मजकूरच बदलायचाय," माझी बायको मझल कांदा चिरता चिरता म्हणाली.

मझल फार बोलत नाही. जेवढं बोलते तेवढं मला आठवडाभर पुरतं.

आता ही गाडी कोणती, ते सांगायला हवं. ती माझ्या बाबांची पिकअप. मिलिटरीच्या लिलावातून आलेली, हिरवी, पुढून जीपसारखी आणि मागून बैलगाडीसारखी. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आमचे पूर्वज घाण्यावर तेल काढत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावोगाव आम्हाला 'शनवार तेली' म्हणत. आपट्याचा आमचा घाणा माझ्या जन्माआधीच थांबला, पण बाबांनी तेल सोडलं नाही. पनवेलच्या बाजारातून खोबरेल नि तिळाच्या तेलाचे डबे भरायचे आणि खेडोपाडी पोचवायचे, असा त्यांचा धंदा. ती गाडी रस्त्याने गेली की मागे राहिलेल्या धुळीलाही तेलाचा वास यायचा.

शनिवारी, म्हणजे आमच्या शब्बाथला, मात्र गाडी बंद. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत बाबा तिला अंगणात फणसाखाली लावत, वर ताडपत्री टाकत, आणि बॉनेटवर हात ठेवून "शब्बाथ शालोम, बाई," असं तिला सांगत. मग शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही. कोणी म्हणजे मी सोडून. मी ताडपत्रीखालून आत शिरत असे आणि ड्रायव्हरच्या सीटवर पाय घेऊन दिवसभर वाचत असे. ताडपत्रीच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पानावर पडत, आणि सूर्य सरकला की मीही पुस्तक सरकवत असे. आयुष्यात पुढे मी मोठमोठी वाचनालयं पाहिली. तेवढी शांत अभ्यासिका पुन्हा मिळाली नाही.

बाबा गेले, धंदा गेला, गाडी फणसाखाली राहिली. तिचं इंजिन असं धरून बसलं होतं की हॅंडल फिरवायला गेलं तर माणूसच फिरे. आणि आता तर घरच जाणार होतं. आमच्या जागेवर सात मजली इमारत उभी राहायची होती. आम्ही तात्पुरते भाड्याच्या फ्लॅटमध्ये जायचं, आणि अंगण रविवारपर्यंत मोकळं करून द्यायचं, असं ठरलेलं. फ्लॅटला पार्किंग होतं, पण त्यात स्कूटरही लाजून उभी राहील.

राहता राहिला माझा चुलतभाऊ यायर. तो आपट्याला, पाताळगंगेच्या काठावर, आमच्या जुन्या घाण्याच्या जागेत एकटा राहतो. मी त्याला विचारलं, गाडी तुझ्याकडे ठेवू का. तो म्हणाला, "इनॉक, माझ्या अंगणात आधीच एक मेलेला ट्रॅक्टर आहे आणि एक मेलेला पंप. तिसरं मढं मी घेणार नाही. आपल्या पायांनी चालत आली तर ठेवतो. टोचन लावून ओढत आणलीस तर फाटकातूनच परत पाठवीन."

म्हणजे हिशेब सरळ होता. रविवारी गाडी स्वतः चालत आपट्याला गेली तर वाचली. नाही गेली, तर सोमवारी भंगारवाला येणार होता. तो एकदा येऊन तिच्या दारावर टिचकी मारून गेलाही होता, कलिंगड बघतात तशी.

म्हणून बळीराम. बळीराम जासईचा, पण त्याचं गॅरेज आमच्या गल्लीच्या तोंडाशी. गाडीची नाडी आपल्याला कळते असं तो सांगतो. दुसऱ्या कोणाकडून मी ते ऐकलेलं नाही. त्याने बॉनेट उघडलं, आत डोकावला आणि डोक्यावरची टोपी काढली. एखाद्याच्या घरी समाचाराला गेल्यासारखी.

"काका, हिचा निकाल लागलाय. हिचे पार्ट आता म्युझियममदीच मिलतील," तो म्हणाला. "पन तुमी कालजी करू नका. आमचे जासईच्या यार्डान एक क्रेन तोडलीय. तिचा इंजिन हाय. सा सिलिंडर. कंटेनर उचलायचा तो. तुमची बायको, तुमची पुस्तका, तुमचा फनस, सगला उचलून नेल."

इथेच मी बांधणीचं ते वाक्य बोललो. माझ्याकडे डिझेल इंजिनांवरचं एक जाडजूड पुस्तक होतं, वाचनालयाने रद्दीत काढलेलं. कोणी कधीच नेलं नाही म्हणून मला त्याची दया आली होती. ते मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं. आत्मविश्वास आला तो त्यातून.

इंजिन छोट्या टेम्पोतून आलं. जुन्या इंजिनाशेजारी ते उतरवलं तेव्हा बकरीशेजारी रेडा बांधल्यासारखं दिसलं. मझल पदराला हात पुसत बाहेर आली, तिने एकवार गाडीकडे पाहिलं, एकवार इंजिनाकडे.

"हे गाडीत बसवायचं," तिने विचारलं, "की गाडी ह्याच्यात?"

बळीराम हसला. पण पुढच्या काही दिवसांत त्याचं हसू कमी कमी होत गेलं. फणसाच्या फांदीला कप्पी लावून इंजिन वर ओढलं, तर आधी फांदी खाली आली. जाड फांदी शोधून पुन्हा ओढलं, खाली सोडलं, तर ते रेडिएटरवर बसलं. रेडिएटर पुढे, जाळीच्या बाहेर काढून वेल्डिंग केला. त्यामुळे गाडीला पुढचे दात आल्यासारखं झालं. तरी इंजिन मागून उरलंच. मग इंजिन आणि ड्रायव्हरच्या मधला पत्रा कापला. आता चालवणाऱ्याच्या गुडघ्यांना थेट इंजिनाचा शेजार मिळाला. बॉनेट तर बसण्याचा प्रश्नच नव्हता. ते काढून मझलने त्यावर आंबोशी वाळत घातली.

मी बाजूला खुर्ची टाकून पुस्तक उघडून बसलेला. मधूनमधून एखादं वाक्य वाचून दाखवी. बळीराम आदराने ऐके आणि नेमकं त्याच्या उलट करी.

शेवटी इंजिन बसलं. कप्पी सोडली, आणि गाडीने हळूच पुढे वाकून नाक जमिनीला लावलं. मागची चाकं जवळजवळ अधांतरी! नमाजाला बसल्यासारखी दिसत होती बिचारी. पुढचे स्प्रिंगचे पाटे त्या वजनाने सरळ झाले होते.

"मागं वजन पायजे," बळीराम म्हणाला. "रेती भरू का?"

मझलने घराकडे पाहिलं. घरात माझी पुस्तकं खोक्यांत बांधून पडली होती आणि फ्लॅटमध्ये ती ठेवायची कुठे यावरून आमच्यात गेले कित्येक दिवस शांतता होती.

"रेती कशाला," ती म्हणाली.

अशा रीतीने माझी सगळी पुस्तकं गाडीच्या हौद्यात चढली. जसजशी खोकी चढत गेली, तसतसं गाडीचं नाक वर येत गेलं. विश्वकोशाचे खंड चढले आणि गाडी समतोल झाली. माझ्या वाचनाचा कोणाला तरी उपयोग झाल्याचं हे पहिलंच उदाहरण.

शुक्रवारी दुपारनंतर बळीरामने चावी फिरवली. आधी काहीच झालं नाही. मग जमिनीखालून काहीतरी येतंय असा आवाज झाला, फणसावरचे कावळे उडाले, आणि इंजिन सुरू झालं. घरातली भांडी मांडणीवर नाचू लागली. माझे डोळे भरून आले. थोडे धुराने, पण सगळेच धुराने नव्हेत. इतक्या वर्षांनी ती गाडी थरथरत होती, बाबा डबे भरून निघायचे तशी.

बळीरामला भाचीच्या हळदीला जासईला जायचं होतं. त्याने मला घाईघाईत समजावलं. हे जुनं डिझेल इंजिन, चावीने बंद होत नाही. चावीच्या खाली ही वायरची मूठ आहे, ती ओढली की डिझेल तुटतं आणि इंजिन थांबतं. "जरा चालू ऱ्हाऊ दे, अंग मोकला होऊ दे. मंग वायर ओढा. पन बेतानं ओढा, काका." एवढं सांगून तो गेला.

बेतानं म्हणजे किती?

दुसरा कोणी असता तर त्याने ओढून पाहिली असती. मी सीटवर बसलो आणि पुस्तकात वायरीचं प्रकरण शोधू लागलो. पुस्तकात तीन प्रकारच्या वायरी होत्या. एक सरळ ओढायची, एक आधी पिळून मग ओढायची, आणि एक मुळीच ओढायची नाही, ती दुसऱ्याच कशाची तरी असते. आपली कोणती? मझलने स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक दिली, "बंद करताय ना? दिवे लावायची वेळ झाली." मी म्हणालो, करतो, एवढा परिच्छेद संपवतो.

सीट तीच, पुस्तक हातात, फणसाची सावली तीच. मी परिच्छेद संपवला. पुढच्या परिच्छेदात आधीच्याचा खुलासा होता, म्हणून तोही वाचला. मग एक आकृती आली. मान वर केली तेव्हा खिडकीत खोबरेलाचा दिवा तेवत होता आणि मझल डोळ्यांवर हात ठेवून प्रार्थना म्हणत होती.

शब्बाथ लागला होता! आणि इंजिन चालू होतं.

शब्बाथला काम नाही, प्रवास नाही. विस्तव पेटवायचा नाही आणि पेटलेला विझवायचा नाही. इंजिनाच्या पोटात काय असतं, हे मी नुकतंच सविस्तर वाचलं होतं. सहा ठिकाणी विस्तव!

मी स्वतः फार धार्मिक माणूस आहे असं नाही. मला देवाबद्दल शंका आहेत, तशा त्या स्वतःबद्दलही आहेत. पण ही बाबांची गाडी. त्यांच्या हयातीत नि त्यांच्यानंतरही ती शनिवारी कधी धडधडली नव्हती, आणि ती धडधडत ठेवण्याचा मान मला मिळाला होता. बरं, वायर ओढावी तर शब्बाथ मीच मोडणार. मी घरात जाऊन मझलकडे पाहिलं. तिने शब्बाथच्या प्रार्थनेचा मनुकांच्या सरबताचा पेला माझ्यासमोर ठेवला. पेला टेबलावर आपोआप सरकत माझ्याकडे आला.

"ज्यांना शब्बाथ नाही अशा कोणाला सांगून...?" मी चाचरत म्हटलं.

"सांगायचं नाही," मझल म्हणाली. "सांगणं म्हणजे आपणच केल्यासारखं."

पण अवघडल्याचं बोलून दाखवायला बंदी नाही. 'काय उकडतंय' असं आपण हवेला सांगू शकतो. ऐकणाऱ्याने त्यातून काय घ्यायचं ते घ्यावं. मी मनात वाक्यं जुळवू लागलो. तेवढ्यात फाटकाशी शेजारच्या इमारतीतल्या सुनीताताई आल्या. त्या बँकेत आहेत, आमच्याशेजारी बरीच वर्षं राहतात, आणि आमचे सणवार आमच्यापेक्षा नेमके लक्षात ठेवतात. मला वाटलं, आता ह्या वैतागून बंद करतील.

"आवाज फार होतोय, नाही?" मी फाटकापर्यंत जाऊन हवेला म्हणालो.

"छे हो, काका. एअरपोर्टचं काम सुरू झाल्यापासून आम्हाला आवाजाशिवाय झोपच येत नाही."

"धूरही आहे."

"डास गेले ना पण सगळे."

"म्हणजे, बंद असती तर जरा..."

त्या एकदम गंभीर झाल्या. "काका, असं मनातसुद्धा आणू नका. दिव्याच्या आधी लागलेलं विझवायचं नाही, मला काकूंनी कधीच सांगितलंय. तुम्ही निर्धास्त राहा. मी कोणाला हात लावू देणार नाही."

आणि त्यांनी शब्द पाळला. तेच तर दुःख आहे!

रात्र कशी गेली ते सांगत नाही. एवढंच सांगतो की माझी कवळी पाण्याच्या पेल्यात वाजत होती. सकाळी पाण्याचा टँकर आला. त्याचा ड्रायव्हर उतरला, कोणीतरी गाडी चालू ठेवून विसरलंय असं स्वतःशीच म्हणाला, आणि त्याने खिडकीतून आत हात घातला. माझे डोळे लकाकले. मी काही सांगितलेलं नव्हतं! तो आपल्या मनाने करत होता! त्याची बोटं मुठीजवळ पोचली, आणि शेजारच्या गॅलरीतून सुनीताताईंचा आवाज आला.

"हात लावू नका! त्यांच्यात अखंड असतं ते!"

ड्रायव्हरने हात काढला, कपाळाला लावला आणि गाडीला नमस्कार करून तो निघून गेला.

त्यानंतर गल्लीभर झालं. अखंड दिवा सगळ्यांना माहीत होता, अखंड इंजिन पहिल्यांदाच पाहत होते. कोणी चपला काढून फाटकाच्या आत आलं. कोणी विचारलं, हे दर वर्षी असतं की बारा वर्षांनी. मी खरं सांगायचा प्रयत्न केला, पण माझा आवाज वाचनालयाचा आणि इंजिनाचा आवाज जासईच्या यार्डातला. ओठ हलताना दिसत, त्यामुळे लोकांना वाटे काका जप करताहेत, आणि ते आणखी हळू चालत. भाजीवाल्या हौसाबाईंनी झेंडूचा हार आणला. बॉनेट नसल्यामुळे हार कुठे घालावा कळेना, म्हणून त्यांनी तो भक्तिभावाने रेडिएटरच्या मागे, फिरत्या पंख्याच्या अगदी जवळ सोडला. पुढच्या क्षणी साऱ्या अंगणावर केशरी पाकळ्यांचा वर्षाव झाला. लोकांनी हात जोडले. माझ्या टोपीवर, चष्म्यावर, मझलच्या आंबोशीवर, सगळीकडे झेंडू.

मझल दारात उभी होती. तिच्या तोंडावर पदर होता. ती हसत होती की धुरामुळे धरला होता, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

दुपार कलली तसं इंजिन अडखळू लागलं. डिझेल संपत आलं होतं. आता माझ्या मनाची काय अवस्था सांगू! एक मन म्हणे, बंद पडू दे, बाबांच्या शनिवारला शांतता मिळेल. दुसरं मन ते जाड पुस्तक वाचून बसलेलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, डिझेल पूर्ण संपलं तर नळ्यांत हवा शिरते, मग इंजिन सहजी सुरू होत नाही. ते सुरू करणारा बळीराम हळदीत. सुनीताताईंनी त्याला सकाळी आपणहून फोन लावला होता. पलीकडे डीजे एवढा दणदणत होता की त्याला एवढंच कळलं, इंजिन चालू आहे. "चालू हाय? मंग बेस हाय!" असं ओरडून त्याने फोन ठेवला. म्हणजे आता गाडी विझली की रविवारी आपट्याला जाणं नाही, आणि सोमवारी भंगार.

मी फणसाला टेकून उभा राहिलो. इंजिन खोकत होतं. मी बाबांना मनात म्हटलं, तुमचा शनिवार की तुमची गाडी, एकच वाचणार, आणि काय वाचावं हे मला कळत नाही. वाचण्याच्या बाबतीत असं माझं पहिल्यांदाच झालं.

तेवढ्यात फाटक वाजलं. सुनीताताई, हातात त्यांच्या इमारतीच्या जनरेटरचा डिझेलचा कॅन!

"काका, तुम्ही काही बोलू नका, तुम्हाला चालत नाही," असं म्हणत त्यांनी झाकण उघडून टाकीत कॅन रिता केला. "आमच्यासमोर तुमचं व्रत मोडलं तर आम्ही शेजारी कसले?"

इंजिनाने एक ढेकर दिला आणि पुन्हा तालात धडधडू लागलं. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

सूर्य मावळला. आता तीन चांदण्या दिसल्या की शब्बाथ संपला. बाबांच्या वेळी ह्याच अंगणातून त्या पटकन दिसत. आता पनवेलच्या आकाशात धूळ, दिवे, आणि वर नव्या एअरपोर्टची विमानं. मी मान वर करून उभा राहिलो, आणि माझ्याबरोबर गल्लीतले सगळेच वर पाहू लागले.

"एक," मी म्हणालो.

"ते विमान आहे," मझल म्हणाली.

"दोन?"

"तेही. बघा, वळतंय."

अखेर तीन दिवे असे सापडले की जे जागचे हलेनात. मझलने मान डोलावली, तिने शब्बाथला निरोप द्यायची वेणी घातलेली मेणबत्ती पेटवली, मसाल्याचा वास घेतला, आम्ही एकमेकांना 'चांगला आठवडा' चिंतला. मग मी पाकळ्या झटकल्या आणि गाडीकडे निघालो. गर्दीने वाट करून दिली. आयुष्यात माझ्यासाठी कोणी वाट केल्याचा हा पहिलाच प्रसंग. मी सीटवर चढून बसलो, मूठ धरली, आणि बेतानं ओढली.

वायर आली. पुढेही आली. हातभर, दोन हात, आणि मग तिचं दुसरं टोक माझ्या मांडीवर पडलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

इंजिन चालूच!

म्हणजे काल सूर्यास्तापूर्वी मी ती ओढली असती, सरळ ओढली असती, पिळून ओढली असती, तरी काही झालं नसतं. तो सगळा परिच्छेद मी उगाचच वाचला होता. सुटलेली वायर हातात धरून मी गर्दीकडे पाहिलं. सुनीताताईंनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

"सरका," मझल म्हणाली.

ती ड्रायव्हरच्या बाजूने चढली. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. रविवारी गाडी मझलच चालवणार होती. आमचं लग्न झाल्यावर बाबांनी आम्हा दोघांना शिकवायला घेतलं. मी रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या वाचत होतो, ती रस्ता पाहत होती. आठवड्याभरात बाबांनी निर्णय घेतला. पुढे कित्येक वर्षं पनवेलच्या बाजारात नऊवारी नेसलेली एक बाई तेलाची पिकअप चालवताना लोक थांबून बघत.

"बाबा कशी बंद करायचे, बघितलं नाही कधी?" तिने विचारलं. "तेव्हाही वायर तुटलेलीच होती. वरचा गिअर टाकायचा, ब्रेक दाबायचा, आणि क्लच सोडायचा. गचका देऊन बंद."

"मग काल सांगायचं ना!"

"तुम्ही वाचत होतात. मला वाटलं, काहीतरी नवीन असेल."

तिने वरचा गिअर टाकला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ब्रेक दाबला. क्लच सोडला. पूर्वीचं इंजिन असतं तर गुमान थांबलं असतं. पण हे कंटेनर उचलणारं. ब्रेक मात्र जुनेच, तेलाचे डबे थांबवणारे. सहा सिलिंडरपुढे ते म्हणजे हत्तीच्या पायात बांधलेला करगोटा! इंजिनाने एक हुंकार दिला आणि गाडी ब्रेकसकट निघाली. मी शेजारच्या सीटवर सरकलो होतो, पण एक पाय बाहेरच होता, तो कसाबसा आत ओढला. गर्दी दुभंगली. मझलने क्लच पुन्हा दाबला, तोवर आम्ही फाटकाबाहेर होतो.

तिने एकदा मागे पाहिलं, अंगणाकडे, फणसाकडे. मग पुढे.

"थांबत नाही तर जाऊ या," ती म्हणाली.

"आत्ता? आपट्याला? दार उघडं आहे घराचं!"

"घर मी बघते, काका!" मागून सुनीताताई ओरडल्या, आणि कोणीतरी रस्त्यावर नारळ फोडला.

अशी आमची गाडी निघाली. पळस्पे मागे पडलं, कर्नाळ्याचा चढ आला. माझे गुडघे इंजिनाच्या आचेने शेकून निघत होते, संधिवाताला इतका आराम कधी पडला नव्हता. मागे विश्वकोश हिंदकळत होता. मझल नजर रस्त्यावर ठेवून बोलत होती. ह्या वळणावर भीमाबाईंचं दुकान होतं, खोबरेलाचे दोन डबे. त्या पुलाशी बाबा मला चहा पाजायचे. इथे एकदा चाक निखळलं तेव्हा तुम्ही खाली उतरून मैलाचा दगड वाचत बसला होतात. आता दुकान नव्हतं, पूल नवा होता, मैलाचा दगडही कुठे दिसला नाही. पण ती प्रत्येक जागी गाडी जराशी हळू करत होती, आणि मला लक्षात आलं की आत्तापर्यंत ह्या रस्त्याबद्दल मीच तिच्यापेक्षा कमी वाचलेलं आहे.

आपट्याला यायर फाटकात कंदिलासारखा टॉर्च धरून उभा होता. आमचा आवाज त्याला फाट्यापासूनच येत होता. मझलने गाडी आत घेतली आणि अंगणातल्या आमच्या जुन्या घाण्याच्या दगडाला नाक टेकवलं. वरचा गिअर. ब्रेक. क्लच सोडला. ह्या वेळी पुढे दगड होता. पणजोबांनी बसवलेला, पिढ्यान्‌पिढ्या न हललेला. इंजिन थरथरलं, गुरगुरलं, एकदा धडकलं, आणि बंद पडलं.

कानात शांतता शिरली तेव्हा ती आधी ओळखताच आली नाही. मग नदीचं पाणी ऐकू आलं.

यायर गाडीभोवती एक फेरी मारून आला. पुढचे दात पाहिले, फाटका पत्रा पाहिला, पाकळ्या पाहिल्या.

"चालत आली तर ठेवीन म्हणालो होतो," तो म्हणाला. "अशी येईल हे सांगितलं नव्हतंस. पण आली खरी."

बळीराम सोमवारी आपट्याला आला, कानामागे हळद तशीच. त्याने चावी फिरवली, हॅंडल फिरवलं, स्वतः फिरला, मग टोपी काढली. "काका, दगडाला धडकून ह्याचाबी निकाल लागला," तो म्हणाला. आणि लगेच डोळे चमकवून, "पन जासईला एक जहाजाचा इंजिन आलाय..."

मी उठून पुस्तक मिटलं. बळीरामला ते पुरेसं होतं.

तर गाडी आता यायरच्या अंगणात आहे, मागे माझी सगळी पुस्तकं. वर ताडपत्री टाकली आहे, तिला भोकंही पुरेशी आहेत. शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं एसटीने आपट्याला जातो, आणि शनिवारी मी ड्रायव्हरच्या सीटवर पाय घेऊन वाचत बसतो. बाबांचा नेम मी पुन्हा सुरू केला, हे मी सर्वांना अभिमानाने सांगतो. दर शनिवारी गाडी कडकडीत बंद असते.

रविवार ते शुक्रवारही बंदच असते म्हणा. पण ते कोणी विचारत नाही.